बैठका थांबल्या की पुस्तक बंद

सुभाना नदीत पडला होता. मागं तीन घोडेस्वार, पुढं पुराचं पाणी, पागोट्याच्या घडीत किल्लेदाराला पोचवायचा खलिता, आणि नेमकं अशा वेळी गंगाधरतात्यांनी चष्मा काढून डबीत घातला, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "चला, साडेसात वाजले. खिडकी उघडायला हवी."

खिडकी म्हणजे सोलापूर स्टेशनातली तिकिटांची. तिच्यामागं बसून तात्यांचं पोट चालत होतं, हे कुंडलिकला कळत होतं. पण इथं तालमीत तो अर्ध्या बैठकीत होता, अंगातून पाणी गळत होतं, आणि ती खिडकी विटांनी बुजवून टाकावी असं त्याला मनापासून वाटलं.

"तात्या, निदान पान्यातनं भायेर तरी काढा की त्येला!"

"उद्या काढू. एका रात्रीत विरघळत नाही तो."

सगळी तालीम हसली. कुंडलिकला काही हसू आलं नाही. त्याचा तो दिवस फुकट गेला. गिरणीत सूत तुटलं तरी त्याला नदीच दिसत होती, आणि जॉबर म्हणजे खात्याचा मुकादम, त्याच्या शिव्या त्यानं पुराच्या पाण्यात पडलेल्या माणसासारख्या ऐकल्या.

हा वाचनाचा प्रकार तालमीत कसा शिरला तेही सांगायला हवं. गंगाधरतात्या जुने तालीमबाज. चाळिशीत पाठीत चमक भरली ती कायमची, आणि डॉक्टरांनी जोर-बैठका बंद केल्या. पण पहाटे तालमीत यायची सवय डॉक्टरांच्या हातात नव्हती. ते कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला बसून काहीबाही वाचत राहायचे. एकदा रद्दीवाल्याकडून त्यांनी एक जाडजूड जुनं पुस्तक आणलं. वरचा पुठ्ठा गेलेला, पहिली चार पानं गेलेली. नाव काय, लिहिलंय कुणी, काही पत्ता नाही. पण लढाया, वेढे, भुयारं, जासूद, सगळं खच्चून भरलेलं. तात्यांनी एक प्रसंग मोठ्यानं वाचून दाखवला, आणि एरवी पन्नास बैठकांत गप्पांना बसणारी पोरं दोनशेवर गेली.

वस्ताद आबासाहेबांनी ते पाहिलं. वस्तादांचे दोन्ही कान कुस्तीनं पिळून गेले होते, पण असल्या गोष्टी त्यांना बरोबर ऐकू यायच्या. त्यांनी तिथंच कायदा केला. जोवर एक जरी गडी बैठका मारतोय तोवर तात्यांनी वाचायचं. शेवटचा थांबला की, नाहीतर तात्यांच्या खिडकीची वेळ झाली की पुस्तक बंद, मग वाक्य अर्धं राहू दे नाहीतर नायकाच्या मानेवर तलवार राहू दे.

त्या दिवसापासून तालमीत बैठका मोजणं बंद झालं. "आज किती मारल्या?" असं विचारलं तर गडी सांगायचे, "अकरा पानं."

आणि शेवटचा थांबणारा गडी रोज एकच असायचा. संगप्पा चौथ्या पानाला बसायचा. बाकीचे सात-आठ पानांत गार व्हायचे, हौद्याच्या कडेला टेकून फुकटात ऐकायचे आणि वर कुंडलिकलाच दम द्यायचे, "थांबू नको रं, आता मज्जा यायलीय!" कुंडलिक एकटा वर-खाली, वर-खाली. वस्तादांना वाटायचं, काय निष्ठा आहे पोराची. खरं सांगायचं तर निष्ठा-बिष्ठा काही नव्हती. कुस्तीत तो मधलाच. त्याला फक्त पुढं काय झालं ते हवं होतं, आणि त्याची किंमत मांड्यांनी द्यायची होती, तर तो मांड्यांनी देत होता.

कारण त्याला वाचता येत नव्हतं. सांगोल्याकडच्या त्याच्या गावात दुसरीत असताना मेंढरं मागं लागली ती लागलीच. कधीकधी तात्या चहा पीत असले की तो ते पुस्तक हातात घ्यायचा, पान उलटायचा. सुभाना कुठल्या ओळीत आहे एवढंही कळायचं नाही. मग राग यायचा. तात्यांचा नाही, पुस्तकाचाही नाही, स्वतःचाच. सत्तावीस वर्षांचा बाप्या, छाती ही एवढी, आणि दुसऱ्यानं तोंड उघडल्याशिवाय त्याला सुभाना भेटत नव्हता.

सुभानाशी त्याचं आणखी एक नातं होतं, ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं संपली तेव्हा मामानं गिरणीतल्या ओळखीच्या माणसाला चिठ्ठी लिहून दिली होती. ती बंडीच्या खिशात शिवून कुंडलिक सांगोल्याहून सोलापूरपर्यंत तीन दिवस चालत आला. चिठ्ठीत काय लिहिलंय हे त्याला माहीत नव्हतं. गिरणीच्या दरवाज्यावर पोचला तर पहारेकरी म्हणाला, "भरती काल सांजच्याला संपली. काल आला असतास तर." दरवाजा त्याच्यासमोर लागला. पुढं वस्तादांनी त्याला तालमीत झोपायला जागा दिली, वर्षाभरानं बदली कामगार म्हणून गिरणीत शिरकावही झाला, सगळं रांगेला लागलं. पण तो लागलेला दरवाजा काही डोक्यातून गेला नाही. म्हणून सुभाना वेळेत पोचतो का, किल्ल्याचा दरवाजा त्याला उघडतो का, हे त्याला कळायला हवं होतं. अगदी कळायलाच हवं होतं.

सुभाना नदीतून निघाला. गवताच्या गंजीत लपला, घोडं मेलं, पायी पळाला. दरवाज्याखाली शत्रूनं सुरुंग पुरलाय हे किल्लेदाराला चौथ्या दिवसाच्या उजेडाआधी सांगायचं होतं, आणि तिसरी रात्र उतरत आली होती. सुभाना गडाच्या पायथ्याशी आला, आणि तात्यांनी चष्मा काढला. डबीत घातला.

"मंडळी," ते म्हणाले, "माझी कुर्डुवाडीला बदली झालीय. उद्या निघायचंय."

सगळे हळहळले. बदलीचं वाईट वाटलंच, पण कुंडलिकच्या तोंडून भलतंच निघून गेलं, "आन् सुभाना?"

"तो माझ्याबरोबर येतो."

"आवो पर शेवट तरी सांगा. तुमी वाचलाय की!"

"नाही वाचला," तात्या म्हणाले आणि ते खरं होतं. "पुढचं आधी वाचून ठेवलं की आवाजातला जीव जातो. मीही तुमच्याबरोबरच ऐकतो रे. असं करू, महिन्याभरात मी इकडं येतो. तेव्हा इथंच बसून शेवट करू. तोवर मीसुद्धा पुस्तक उघडणार नाही. शब्द दिला."

शब्द चांगला होता. पण रेल्वेत माणसं कमी, रजा त्याहून कमी. महिना गेला, दीड महिना गेला, तात्या आले नाहीत.

मधल्या काळात वाचनाची गादी संगप्पाकडं आली. संगप्पा अक्कलकोटकडचा, घरात कन्नड, शाळा मराठी चौथीपर्यंत. तालमीत छापील असं दुसरं काही नव्हतं म्हणून त्यानं पंचांग घेतलं. "मृ...ग...न...क्ष...त्र," तो वाचायचा, आणि प्रत्येक अक्षराला एक बैठक बसायची. तिसऱ्या दिवशी भद्रा आणि अमावास्या ऐकून दोघातिघांनी अंग दुखतंय म्हणून दांडी मारली. कुंडलिक सुभानाच्या नावानं बाराशेवर जायचा, पंचांगावर तो दीडशेतच बसला. वस्ताद नुसते बघत राहिले.

"काय रं, आजारी हाईस का?"

"न्हाय वस्ताद. पाय चालंना झाल्यात."

त्यात माघाची थंडी. पहाटे तालमीतला बंब पेटवून सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी तापवायचं काम कुंडलिकचं. पैलवानांनी गार पाण्यानं आंघोळ करावी असं वस्तादांचं मत होतं, पण पहिली बादली तेच न्यायचे. लाकडं ओली, गोवऱ्या दमट. फुंकून फुंकून कुंडलिकच्या नाकी नऊ यायचे. एक दिवस मारुतीला दिवा लावताना मागच्या कोनाड्यात, तेलाच्या बाटलीखाली, त्याला जुन्या कागदांची लहानशी चळत सापडली. बाटली झिरपून कागद तेल प्याले होते. एक कागद काडी लावून आत सरकवला आणि बंब असा भडकला की ज्याचं नाव ते. आठवडाभर त्यानं रोज एक कागद वापरला. कागदांभोवती लाल दोरा होता, तो देवाजवळचा म्हणून त्यानं मनगटाला बांधला. "कुंडल्या, आज पानी झकास हाय!" असं पोरं म्हणाली की त्याला तेवढाच आनंद व्हायचा.

शेवटी त्याच्यानं राहवेना. सुट्टीच्या दिवशी सकाळची पॅसेंजर धरून तो कुर्डुवाडीला गेला. विचारत विचारत रेल्वे क्वार्टरात पोचला. दारात तात्यांच्या मंडळी, गोदावरीवहिनी, तांदूळ निवडत होत्या. एवढा पैलवान बघून त्यांनी आधी सूप मांडीशी ओढलं, मग हसून आत हाक मारली.

तात्यांना त्याला बघून किती बरं वाटलं! ते पुस्तक घेऊनच बाहेर आले. तिकिटाचा तुकडा खुणेला घातला होता, तो जिथल्या तिथं होता. "बघ, उघडलेलंसुद्धा नाही. ही गेले दीड महिना मला चिडवतेय. बैस, चहा घे, वाचतो."

"बसून जमायचं न्हाय, तात्या," कुंडलिक ओशाळून म्हणाला. "बसलं की माजं कान मिटत्यात."

आणि त्यानं सदरा काढून खुंटीला लावला आणि क्वार्टरच्या ओट्यावर बैठका सुरू केल्या. शेजारची माणसं दारात आली. पॉइंटमन, त्याची बायको, कामावर निघालेला फायरमन, सगळे उभे राहिले. तात्यांचा आवाज तापला. सुभाना कडा चढला. बोटं सोलली, पाय घसरला, करवंदीच्या जाळीनं धरला. पूर्वेला फटफटायला लागलं. कुंडलिकला ना मांड्या होत्या ना श्वास. पाच पानं झाली, सात झाली, नऊ झाली, त्याला पत्ता नव्हता. दीड महिन्यात पहिल्यांदा त्याचं अंग त्याचं झालं होतं. सुभाना दरवाज्याशी आला. त्यानं थाप मारली. "आतून कुणीतरी विचारलं," तात्यांनी वाचलं, "'कोण आहे?' सुभानानं तोंड उघडलं आणि..."

तात्यांनी पान उलटलं. पुढं नुसता मागचा पुठ्ठा होता.

"आणि?" पॉइंटमन म्हणाला.

कुंडलिकची बैठक चालूच होती. कायदा म्हणजे कायदा. "वाचा की तात्या. मी थांबलेलो न्हाय."

तात्यांनी पुस्तक झटकलं, उलटं केलं आणि मग कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! शेवटचा फर्मा सुटला होता. आठ कागद, सोळा पानं. हरवतील म्हणून मीच बाजूला काढून ठेवली होती, आणि निघायच्या गडबडीत साफ विसरलो. पण काळजी नको, जागा पक्की आहे. मारुतीच्या मागच्या कोनाड्यात, तेलाच्या बाटलीखाली. उडू नयेत म्हणून लाल दोऱ्यानं बांधून ठेवलीत. तुला दिसली असतील, रोज तूच दिवा लावतोस तिथं."

कुंडलिक थांबला. मनगटावरचा दोरा त्याच्या डोळ्यांसमोर होता. त्यानं खुंटीवरचा सदरा ओढून घातला आणि बाह्या पार बोटांपर्यंत खाली ओढल्या.

"काय रे, पांढरा का पडलास? चहा घे आधी. आणि हे बघ, संगप्पाकडून शेवट वाचून घे आणि मला एक पोस्टकार्ड टाकायला लाव. मी आता उपाशी आहे म्हण ना."

"व्हय," कुंडलिक म्हणाला.

परतीच्या गाडीत जागा असूनही तो बसला नाही. दाराशी उभा राहून तो स्वतःला शिव्या देत राहिला. दुसऱ्यानं जाळलं असतं तर मान मुरगळता आली असती. इथं मान स्वतःची. एक अक्षर, एक, 'सु' एवढं जरी ओळखता आलं असतं, तर हात थांबला असता. त्यानं सुभानाला धरून धरून, रोज एक कागद, बंबात घातलं होतं. आणि वर पाणी झकास म्हणून शाबासकी घेतली होती.

संध्याकाळी तालमीत येऊन त्यानं कोनाडा धुंडाळला. बाटली उचलली तर खाली फळीला एक कागद चिकटून राहिला होता. आठवा. मधोमध बाटलीच्या बुडाचा गोल तेलकट डाग. नखानं हळूहळू सोडवून त्यानं तो छातीशी धरला. वर-खाली कसा धरायचा तेही त्याला कळत नव्हतं.

सकाळी गडी जमले. "काय झालं रं? पोचला का सुभाना?" म्हणून सगळ्यांनी त्याला घेरलं. सुभाना थाप मारतो आणि आतून 'कोण आहे' विचारतात, तिथवर कुंडलिकनं सांगितलं आणि कागद संगप्पाच्या हातात दिला. वस्ताद म्हणाले, "बैठका." वीस-बावीस माणसं उठली. संगप्पानं घसा साफ केला. कागदाच्या एका अंगाला छापखान्याच्या इतर पुस्तकांची यादी होती आणि दुसऱ्या अंगाला वरती फक्त चार ओळी. त्या त्यानं ढकलत ढकलत वाचल्या:

"...ते... व्हा... पासून त्या दरवाज्याला सुभानाचा दरवाजा म्हणतात. आजही त्याखालून जाताना गडकरी पायातलं काढून हातात घेतात. समाप्त."

तालमीत एकदम कालवा उठला.

"मेला त्यो. पायातलं मेलेल्या मानसासाठी काढत्यात."

"ह्या! दरवाजा ऱ्हायला म्हंजी सुरुंग उडाला न्हाय. म्हंजी सांगावा पोचला. म्हंजी जित्ता हाय."

"सांगावा पोचला आन् त्यो मेला, असं हुईत न्हाय का?"

"आरं पर मधली पानं कुटं हायत?" संगप्पानं कागद उलटासुलटा केला. "शेवट हाय, पर काय झालं ते कुटं हाय?"

कुंडलिकनं बाही वर केली. लाल दोरा सगळ्यांना दिसला.

"मी जाळलं," तो म्हणाला. "बंब पेटवाय. मला वाटलं रद्दी हाय. सात दिस तुमी ज्या पान्यानं आंगूळ केली, त्ये त्या पानांवर तापलं हुतं."

बावीस माणसांच्या अंगावरून सुभाना वाहून गेला होता, आणि सगळ्यांनी वर म्हटलं होतं, झकास. संगप्पानं दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि कन्नडमधून काहीतरी पुटपुटला. ते आशीर्वाद नव्हते.

वस्ताद उठले. त्यांनी कागद घेतला, घडी घातली, मारुतीच्या पायाशी ठेवला. मग कुंडलिककडं बघितलं.

"हजार बैठका. आत्ता. आन् मोजून. कुनी काय वाचायचं न्हाय, कुनी बोलायचं न्हाय."

हजार म्हणजे कुंडलिकला काय? बाराशे मारणारा गडी तो. त्यानं लांग कसली आणि सुरू केल्या. शंभरापुढं त्याला आकडे येत नव्हते, म्हणून शंभर झाले की तो एक बोट दुमडायचा. पहिलं बोट दुमडलं. दुसरं दुमडलं. तिसऱ्याला मांड्या दगड झाल्या. एक, दोन, तीन. नुसते आकडे, त्यांत ना नदी, ना कडा, ना घोडं. छत्तीस, सदतीस. इतकं जड अंग आपलं होतं तरी कधी, असं त्याला वाटलं. बाकीचे एकेक करून कामाला निघून गेले. हौद्याशी वस्ताद तेवढे बसून राहिले.

बऱ्याच वेळानं वस्तादांनीच आपला कायदा मोडला. इकडंतिकडं बघून, मातीत बोट फिरवत, हळूच म्हणाले, "कुंडलिक. आतनं 'कोन हाय' म्हनून इचारलं म्हनतोस?"

"व्हय."

"मग? काय वाटतं तुला? उगडलं आसंल का दार?"

म्हणजे पाच महिने हा माणूस मातीत बघत बसला होता, ते ऐकतच बसला होता. कुंडलिक अर्ध्या बैठकीत लोंबकळत राहिला. घाम डोळ्यांत जात होता. त्याला किल्ल्याचा दरवाजा दिसत नव्हता. लोखंडी पट्ट्यांचा, हिरव्या रंगाचा दुसराच एक दरवाजा दिसत होता, आणि बंडीच्या खिशात शिवलेली चिठ्ठी.

"उगडलं आसंल, वस्ताद," तो म्हणाला. "पर त्येनं आपलं नाव सांगूस्तवर येळ गेला आसंल."

वस्तादांनी मान हलवली. पुरे झालं असं मात्र म्हणाले नाहीत. कुंडलिकनं मुठीकडं बघितलं. दोन बोटं दुमडली होती की तीन, ते त्याला आठवेना. त्यानं सगळी मूठ उघडली आणि पुन्हा एकापासून सुरुवात केली.